शंभर साइट्स, एक कर्नल

टिमथम्ब नावाची एक पीएचपी फाइल एके काळी वर्डप्रेसच्या बऱ्याच थीम्सबरोबर यायची. तिचं काम साधं होतं. मोठा फोटो दिला की ती त्याची लहान प्रत करून द्यायची. फोटो दुसऱ्या साइटवर असला तरी चालायचा, फक्त ती साइट फ्लिकर, ब्लॉगर अशा ओळखीच्या यादीतली हवी. ऑगस्ट २०११ मध्ये मार्क माँडर यांच्या ब्लॉगवर भलत्याच जाहिराती दिसू लागल्या आणि माग काढत ते या फाइलपाशी पोचले. यादी तपासायची तिची रीत अशी होती, की पत्त्यात कुठेही ‘ब्लॉगर डॉट कॉम’ एवढी अक्षरं सापडली की ती समाधानी. म्हणजे स्वतःच्या डोमेनच्या पुढे ती अक्षरं चिकटवून कुणीही पत्ता तयार करावा, तिथे फोटोऐवजी पीएचपीचा कोड ठेवावा, आणि टिमथम्बने तो मुकाट्याने आणून आपल्या कॅशच्या फोल्डरमध्ये टाकावा. ते फोल्डर ब्राउझरमधून उघडता येत होतं. पत्ता टाइप केला की परक्याचा प्रोग्राम तुमच्या सर्व्हरवर सुरू.

इथे ‘तुमच्या सर्व्हरवर’ या शब्दांपाशी जरा थांबायला हवं. स्वस्तातल्या होस्टिंगमध्ये सर्व्हर आपला नसतोच. १९९७ च्या सुरुवातीला एचटीटीपी १.१ चा मसुदा प्रसिद्ध झाला, ब्राउझरने प्रत्येक विनंतीबरोबर साइटचं नाव पाठवणं बंधनकारक झालं, आणि एकाच आयपी पत्त्यावर हव्या तेवढ्या साइट्स बसवायचा रस्ता मोकळा झाला. स्वस्त होस्टिंगचा अख्खा धंदा त्यावर उभा आहे. एखादा दिवाळी अंक, गणेशोत्सव मंडळ, हाउसिंग सोसायटी आणि दंतवैद्याचा दवाखाना यांच्या साइट्स एकाच लिनक्स मशीनवर असू शकतात, आणि एकमेकांची त्यांना गंधवार्ताही नसते.

या मशीनवरची जुनी मांडणी अशी. अपाचे हा वेब सर्व्हर, त्याच्या पोटातच पीएचपी, आणि सगळ्या साइट्सचा कोड चालतो तो एकाच युजरच्या नावाने. त्या युजरला सगळ्यांच्या फाइल्स वाचता येणं भाग आहे, नाहीतर साइट दिसणारच नाही. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड सरळ अक्षरांत लिहिलेला असतो. मग दंतवैद्याच्या जुन्या थीममधून आत शिरलेल्या माणसाला दिवाळी अंकाची कॉन्फिग फाइल उघडायला वेगळी हिकमत लागत नाही. अंकवाल्यांनी आपलं वर्डप्रेस कितीही अद्ययावत ठेवलेलं असो.

यावर बरीच ठिगळं लावून झाली. प्रत्येक साइटचा कोड तिच्या मालकाच्या नावाने चालवायचा, पीएचपीला ठरावीक फोल्डरबाहेर जाऊ द्यायचं नाही, वगैरे. पीएचपीत ‘सेफ मोड’ नावाची सोय होती. पण हा प्रश्न पीएचपीच्या पातळीवर सोडवू पाहणं मुळातच चुकीचं आहे, अशी कबुली पीएचपीच्या मॅन्युअलमध्येच होती. २००९ मध्ये ती सोय कालबाह्य ठरवली गेली आणि २०१२ च्या ५.४ आवृत्तीत काढूनच टाकली. मला ती कबुली आवडते. भाषेचं काम भाषेने करावं. कुणी कुणाच्या फाइलला हात लावायचा हे ठरवणं ऑपरेटिंग सिस्टिमचं काम, किंवा तिच्याही खालच्या थराचं. पुढचा सगळा वाद या दोन थरांमधला आहे.

आतून वेगळं करायचं

युनिक्समध्ये १९७९ पासून ‘सीएचरूट’ नावाची सोय आहे. एखाद्या प्रोग्रामला सांगायचं, की हे फोल्डर हेच तुझं अख्खं जग. फाइल्सपुरतं हे ठीक. पण नेटवर्क, बाकीचे चालू प्रोग्राम, आणि मुख्य म्हणजे सर्वाधिकारी ‘रूट’ युजर, यांचं काय? रूटला त्या फोल्डरमधून बाहेर पडायच्या वाटा ठाऊक होत्या.

होस्टिंगवाल्यांना नेमकं इथेच अडत होतं. एका ग्राहकाला पर्लची जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवी. तिसऱ्याला अपाचेची स्वतःची मांडणी करायची आहे आणि त्यासाठी रूटचे अधिकार हवेत. डेन्मार्कच्या पॉल-हेनिंग काम्प यांनी एका होस्टिंग कंपनीच्या अशाच गरजेसाठी फ्रीबीएसडीमध्ये ‘जेल’ लिहिलं आणि मार्च २००० मध्ये ४.० आवृत्तीबरोबर ते सगळ्यांना मिळालं. जेलमध्ये रूट असतो, पण त्याची सत्ता जेलपुरती. स्वतःचा आयपी पत्ता, स्वतःच्या फाइल्स, स्वतःचे प्रोग्राम. बाहेरचं काही दिसत नाही. आज आपण ज्याला कंटेनर म्हणतो त्याचा हा थेट पूर्वज, आणि तो जन्माला आला तो वेबसाइट्स एकमेकींपासून वेगळ्या ठेवायलाच.

लिनक्समध्ये ही गोष्ट एका झटक्यात झाली नाही. फाइलप्रणालीचं वेगळेपण २००२ मध्ये आलं. कुणी किती मेमरी आणि प्रोसेसर खायचा याचं माप ठरवणारे ‘सीग्रुप्स’ गूगलच्या इंजिनिअरांनी लिहिले आणि जानेवारी २००८ च्या कर्नलमध्ये ते दाखल झाले. आतला रूट बाहेर साधा युजर ठरावा, ही सोय पुरी व्हायला २०१३ उजाडलं. त्याच वर्षी मार्चमध्ये सॉलोमन हाइक्स यांनी कॅलिफोर्नियातल्या पायकॉन परिषदेत पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर दाखवलं. डॉकरने वेगळेपणाची नवी युक्ती काही शोधली नव्हती. साइटला लागणारं सगळं सामान एका इमेजमध्ये बांधून कुठल्याही यंत्रावर तसंच्या तसं उघडता येईल, ही सोय त्यांनी केली. लोकांना हवी होती तीच.

कंटेनर म्हणजे नेमकं काय, हे पाहायचं तर चालू सर्व्हरवर प्रोग्रामांची यादी मागवावी. कंटेनरच्या आतून मागवली तर तिथली पीएचपी पहिल्या क्रमांकावर दिसते, जणू यंत्रावर दुसरं कुणी नाहीच. तीच यादी बाहेरून मागवली की तीच पीएचपी हजारो प्रोग्रामांच्या रांगेत कुठेतरी पाच आकडी क्रमांक लावून उभी असते. लिनक्सच्या कर्नलमध्ये ‘कंटेनर’ नावाची वस्तूच नाही. आहे ती एक साधी प्रोसेस, जिच्या नजरेला झापडं लावली आहेत आणि जिच्या खाण्यावर माप आहे. म्हणूनच कंटेनर क्षणात सुरू होतो, आणि रिकामा बसला तर जवळपास काहीच खात नाही.

पण त्या झापडांची काळजी घेतो कोण? कर्नल. आणि तो सगळ्यांचा एकच.

खिडक्या मोजायच्या

कर्नल ही तहसील कचेरी समजा. प्रोग्रामाला फाइल उघडायची, मेमरी मागायची, नेटवर्कवर बोलायचं, म्हणजे कुठल्या ना कुठल्या खिडकीवर अर्ज करावा लागतो. या खिडक्यांना सिस्टिम कॉल म्हणतात आणि लिनक्समध्ये त्या तीनशेच्या वर आहेत. डॉकर नेहमीच्या मांडणीत त्यातल्या चव्वेचाळीसच्या आसपास बंद करतो. उरलेल्या खिडक्या प्रत्येक कंटेनरसाठी उघड्या. यातल्या कुठल्याही एका खिडकीमागचा कारकून चुकला तर अर्जदार आत शिरतो, आणि आत सगळ्यांची दप्तरं आहेत.

असं होतं का? ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ नावाने गाजलेला दोष उघडकीला आला. फक्त वाचायची परवानगी असलेल्या मेमरीत दोन कामांच्या शर्यतीचा फायदा घेऊन लिहिता येत होतं. हा दोष कर्नलमध्ये २००७ पासून होता. नऊ वर्षं जगभरच्या सर्व्हरवर तो निवांत बसला होता. त्याचा वापर करून कंटेनरमधून बाहेर पडता येतं हे लोकांनी लगेच करून दाखवलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये तर कर्नलला हातही न लावता काम झालं: कंटेनर सुरू करणाऱ्या ‘रनसी’ या प्रोग्रामचीच फाइल आतून बदलता येते, असं निघालं. तो प्रोग्राम बाहेर, मुख्य यंत्रावर, रूटच्या अधिकाराने चालतो. मग पुढचं सांगायला नको.

गूगलने २०१४ मध्ये सांगितलं होतं, की त्यांच्याकडे दर आठवड्याला दोन अब्ज कंटेनर सुरू होतात. कंटेनरच्या बाजूने बोलणारे हा आकडा तेव्हापासून वापरत आले आहेत. पण ते गूगलचे स्वतःचे प्रोग्राम होते, आपल्याच इंजिनिअरांनी लिहिलेले. क्लाउडवर बाहेरच्या ग्राहकाचा कंटेनर चालवताना त्याच गूगलने तो व्हर्च्युअल मशीनच्या आत ठेवला. घरच्यांसाठी एक नियम, परक्यांसाठी दुसरा. मला हा दुटप्पीपणा वाटत नाही, उलट हेच शहाणपण वाटतं, आणि स्वस्त होस्टिंगवाल्याकडे तर सगळे परकेच.

खालून वेगळं करायचं

व्हर्च्युअल मशीनची कल्पना जुनी आहे. आयबीएमचं व्हीएम/३७० हे १९७२ चं. प्रत्येक पाहुण्याला अख्खा संगणक मिळाल्याचा भास द्यायचा, त्यावर त्याने आपला कर्नल चालवायचा. तीनशे खिडक्यांची कचेरी आता प्रत्येकाची वेगळी, आणि दोन पाहुण्यांच्या मध्ये उरतो तो हायपरव्हायझर, ज्याच्या खिडक्या थोड्या. आत कर्नल फोडला तरी माणूस आपल्याच कचेरीत फिरत बसतो. इंटेल आणि एएमडी यांनी २००५-०६ मध्ये प्रोसेसरमध्येच याची सोय केली, २००७ मध्ये लिनक्सच्या कर्नलला केव्हीएम हा हायपरव्हायझर जोडला गेला, आणि हे काम स्वस्त झालं.

त्याच सुमारास व्हर्च्युअल अप्लायन्स हा प्रकार रुळला. मिक्सर विकत आणला की प्लग लावून वापरायचा, तसं तयार व्हर्च्युअल मशीन: आत कामापुरती ऑपरेटिंग सिस्टिम, वेब सर्व्हर, डेटाबेस आणि वर्डप्रेस, सगळं आधीच बसवलेलं. २००८ पासून टर्नकी लिनक्स हा प्रकल्प अशा इमेजेस फुकट देतो. एका साइटला एक अप्लायन्स दिला, की शेजाऱ्याच्या थीमची भीती गेली.

मग सगळ्यांनी हेच का केलं नाही? पैसा. आत पूर्ण लिनक्स, म्हणजे डिस्कवर काही शेकडो एमबी, मेमरी अर्धा जीबी, आणि सुरू व्हायला चांगलाच वेळ. ६४ जीबीच्या यंत्रावर प्रत्येकाला अर्धा जीबी राखून ठेवला तर १२८ साइट्सवर गाडी थांबते, आणि बहुतेक साइट्स दिवसभर कुणाची वाट पाहत रिकाम्या बसलेल्या असतात. शेअर्ड होस्टिंगवाला त्याच यंत्रावर याच्या कितीतरी पट साइट्स बसवतो. हिशोब जमत नाही म्हणून लोक कंटेनरकडे वळले. सुरक्षिततेचा विचार करून वळले, असं निदान मला तरी दिसत नाही.

पण या जडपणाची कारणं तपासली तर एक मजा दिसते. वेगळेपणाला लागणारी यंत्रणा प्रोसेसरमध्येच आहे आणि ती हलकी आहे. जड आहे ते सोंग. पाहुण्याला खरा संगणक मिळाल्याचं वाटावं म्हणून क्यूएमयू हा प्रोग्राम जुने डिस्क कंट्रोलर, ग्राफिक्स कार्ड, साउंड कार्ड, सगळ्यांची नक्कल करतो. चौदा लाखांहून अधिक ओळींचा सी भाषेतला कोड आहे तो. मे २०१५ मध्ये त्यातच ‘व्हेनम’ हा दोष सापडला, तोही कुठे? फ्लॉपी डिस्कच्या नकली कंट्रोलरमध्ये. नकली फ्लॉपीला विशिष्ट हुकूम पाठवले की पाहुणा बाहेर पडून मुख्य यंत्रावर येऊ शकत होता. कोड २००४ पासूनचा. ज्यांनी फ्लॉपी बंद करून ठेवली होती त्यांच्याकडेही, दुसऱ्या एका चुकीमुळे, तो कोड जागाच होता. जगातल्या किती वेबसाइट्सना फ्लॉपी ड्राइव्ह लागतो, हा प्रश्न कुणीतरी बराच आधी विचारायला हवा होता.

सोंग कमी केलं तर

तो विचारला गेला, दोन बाजूंनी.

एक बाजू पाहुण्याची. केंब्रिजच्या मंडळींनी २०१३ मध्ये ‘युनिकर्नल’ची कल्पना मांडली: वेब सर्व्हर आणि त्याला लागणारे कर्नलचे तेवढेच तुकडे एकत्र बांधून एक इमेज करायची. आत युजर नाही, शेल नाही, लॉगिन नाही. आपला मिराजओएस किती पक्का आहे हे दाखवायला त्यांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये अशा एका युनिकर्नलमध्ये दहा बिटकॉइनची किल्ली ठेवली आणि ज्याला फोडता येईल त्याने न्यावीत असं जाहीर आव्हान दिलं. तीन वर्षांनी प्रयोग बंद केला तोपर्यंत ती कुणालाही नेता आली नव्हती. त्यातून सुरक्षितता सिद्ध झाली असं म्हणता येणार नाही, पण दहा बिटकॉइनसाठी प्रयत्न करणारे कमी नसणार. २०१७ मध्ये एनईसीच्या युरोपातल्या प्रयोगशाळेने आणि बुखारेस्टच्या विद्यापीठाने आपल्या शोधनिबंधाचं शीर्षकच असं ठेवलं, की आमचं व्हीएम तुमच्या कंटेनरपेक्षा हलकं आणि वर सुरक्षितही. झेन या हायपरव्हायझरच्या व्यवस्थापनातला फापटपसारा काढल्यावर त्यांचं सर्वांत छोटं मशीन २.३ मिलिसेकंदांत सुरू झालं, आणि एकाच यंत्रावर त्यांनी आठ हजार पाहुणे बसवले.

युनिकर्नलची खोट रोजच्या वापरात आहे. वर्डप्रेसवाल्याला आपलं सगळं त्या साच्यात पुन्हा बसवायला लागतं, आणि काही बिघडलं तर आत डोकावायला शेलसुद्धा नाही. रात्री साइट पडल्यावर ज्याचा फोन वाजतो त्याला हे परवडत नाही. त्यामुळे होस्टिंगच्या बाजारात युनिकर्नल फारसा उतरला नाही.

दुसरी बाजू यजमानाची, आणि तिथून बाजार हलला. अॅमेझॉनच्या लॅम्डा या सेवेत सुरुवातीला एका ग्राहकाची कामं एकमेकांपासून कंटेनरने वेगळी असत, पण दोन ग्राहकांच्या मध्ये व्हर्च्युअल मशीन असे. परक्यांच्या मध्ये कर्नल सामायिक ठेवायचा नाही, हा नियम तिथे पहिल्यापासून होता. महाग पडत होता एवढंच. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी फायरक्रॅकर खुला केला. केव्हीएम तेच, पण क्यूएमयू काढून त्या जागी रस्ट भाषेतला सुमारे पन्नास हजार ओळींचा प्रोग्राम. त्यात तेव्हा नकली उपकरणं किती होती? नेटवर्क, डिस्क, एक सीरियल कन्सोल, आणि कीबोर्डचा एक अर्धामुर्धा कंट्रोलर, तोही पाहुण्याला यंत्र रीसेट करता यावं एवढ्यापुरता. फ्लॉपी नाही, स्क्रीन नाही, बायोस नाही. असं ‘मायक्रोव्हीएम’ १२५ मिलिसेकंदांच्या आत पाहुण्याच्या प्रोग्रामापर्यंत पोचतं आणि स्वतः पाच एमबीपेक्षा कमी मेमरी खातं. शिवाय तो फायरक्रॅकर प्रोग्रामही मोकळा सोडलेला नसतो: त्याच्याभोवती पुन्हा नेमस्पेस (म्हणजे ती झापडं), सीग्रुप आणि मोजके सिस्टिम कॉल. म्हणजे कंटेनरची सगळी हत्यारं हजर आहेत, फक्त ती आता दुसऱ्या फळीत आहेत.

गूगलचा जीव्हायझर हा मे २०१८ मधला तिसरा मार्ग: कंटेनर आणि खऱ्या कर्नलच्या मध्ये गो भाषेत लिहिलेला दुसरा कर्नल बसवायचा, म्हणजे अर्ज आधी त्याच्याकडे जातो. ज्या साइट्स फाइल्सची फार उघडझाक करतात त्यांना तो हळू वाटतो, आणि पीएचपी नेमकी तशी असते.

हिशोब अजून पूर्ण मिटलेला नाही

पाच एमबीचा आकडा ऐकून कंटेनर संपला असं समजू नये. तो आकडा यजमानाच्या बाजूचा. आत पाहुण्याचा कर्नल आणि त्याची फाइल-कॅश वेगळीच. शंभर कंटेनर एकाच पीएचपीच्या इमेजवरून चालत असतील तर पीएचपीच्या फाइल्स मेमरीत एकदाच येतात, कारण कर्नल एक आणि खालचा थर एक. शंभर मायक्रोव्हीएममध्ये त्याच फाइल्स शंभरदा येतात. मेमरीतली सारखी पानं शोधून एकत्र करायची सोय लिनक्समध्ये २००९ पासून आहे. पण एकत्र केलेल्या पानावर लिहायला किंचित जास्त वेळ लागतो, आणि त्या वेळेवरून शेजाऱ्याच्या मेमरीत काय आहे याचा अंदाज बांधता येतो. म्हणून फायरक्रॅकर चालवणाऱ्यांना ती बंद ठेवायचाच सल्ला दिला जातो. वाचवलेली मेमरी आणि वेगळेपणा यांचं इथे सरळ भांडण आहे, आणि जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन-स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दोषांनंतर त्यात कुठली बाजू घ्यायची याबद्दल फार मतभेद उरलेले नाहीत.

रिकाम्या साइट्सचं काय करायचं, यावरचा उपाय जास्त चातुर्याचा आहे. साइट सुरू झालेल्या स्थितीत मशीन गोठवायचं, मेमरी डिस्कवर लिहून ठेवायची, आणि कुणी साइट पाहायला आलं की तिथूनच पुढे चालू करायचं. वाट पाहायला मेमरी लागतच नाही. पण एकाच गोठवलेल्या प्रतीवरून दोन मशीन्स जागी केली, तर दोघांच्या रँडम आकड्यांचा साठाही अगदी सारखा असतो. मग दोघंही सारख्याच ‘गुप्त’ किल्ल्या बनवणार. आपण प्रत आहोत हे पाहुण्याच्या कर्नलला कळावं आणि त्याने तो साठा लगेच ढवळून घ्यावा, ही तजवीज लिनक्समध्ये २०२२ च्या ५.१८ आवृत्तीत आली.

निवड मला विचाराल तर अशी. एकाच संस्थेच्या पाच-सात साइट्स असतील, कोड आपल्याच माणसांचा असेल, तर कंटेनर पुरे. उगाच खर्च वाढवू नये. एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांच्या साइट्स, त्यातही वाट्टेल ती प्लगइन्स बसवायची मुभा, असं असेल तर मध्ये हार्डवेअरच्या आधाराची भिंत हवीच. आता ती महाग आहे ही सबब चालत नाही. होस्टिंग घेताना ‘कंटेनर आहे का’ विचारण्यापेक्षा ‘माझा कर्नल आणखी कुणाबरोबर आहे’ असं विचारावं. विक्रेता गडबडला तर उत्तर मिळालं असं समजावं.

व्यवहारात दोन्ही एकमेकांत मिसळले आहेत. फ्लाय डॉट आयओसारख्या सेवेला ग्राहक कंटेनरची इमेज देतो आणि सेवा ती उघडून फायरक्रॅकरमध्ये चालवते. काटा कंटेनर्स या प्रकल्पातही बाहेरून कंटेनर, आत मशीन. डॉकरचं बांधणं टिकलं, खालचा वेगळेपणा मात्र व्हर्च्युअल मशीनचा आला. जुन्या अप्लायन्सची एक डोकेदुखीही यात सुटते. तिथे प्रत्येक अप्लायन्सचा कर्नल त्याच्या पोटात, म्हणजे शंभर अप्लायन्सना शंभरदा पॅच; टर्नकीवाल्यांना म्हणूनच रोज आपोआप सुरक्षा-अपडेट घेण्याची सोय आत घालावी लागली. मायक्रोव्हीएममध्ये पाहुण्याचा कर्नल होस्टिंगवाला बाहेरून देतो. त्याने एक फाइल बदलली की पुढच्या वेळी सुरू होणारी प्रत्येक साइट नव्या कर्नलवर असते. इमेजमधली पीएचपी, वर्डप्रेस आणि थीम मात्र जुनीच राहते. ती इमेज पुन्हा बांधायची कुणी, हे करारात पाहावं. स्वस्त योजनांमध्ये ते काम बहुधा ग्राहकाचंच असतं.